दोन नावांमधला ‘आणि’

पुस्तकातल्या चित्राखाली किंवा कवितेच्या शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ असते. चित्र कुणाचं, फोटो कुणी काढला, उतारा कुठून आणि कुणाच्या परवानगीनं घेतला, एवढंच त्या ओळीत सांगितलेलं असतं. सहसा ती कुणी वाचत नाही. जळगावच्या एका शैक्षणिक संस्थेत मी माझी सगळी नोकरी ती ओळ लिहिण्यात घालवली. आमच्या विभागाचं नाव लांबलचक होतं, पण कार्यालयात सगळे त्याला ‘श्रेयाचं टेबल’ म्हणत. विभागात टेबल एकच होतं आणि त्यावर मी एकटीच बसायचे.

घरी बसून परीक्षा देणाऱ्यांसाठी आणि खेड्यातल्या शाळांसाठी आम्ही अभ्यासपुस्तिका काढायचो. शिक्षक धडे लिहून पाठवत. त्यात कुठून कुठून घेतलेली चित्रं, नकाशे, कविता, वर्तमानपत्रांतली कात्रणं असत. त्या प्रत्येक गोष्टीला मी तीन प्रश्न विचारायचे. हे कुणाचं आहे? कुठून आणलं? कोणत्या अटीवर वापरता येईल? उत्तरं मिळाली की ओळ लिहायची. नाही मिळाली की चित्र काढून टाकायचं आणि पाठवणाऱ्याचा रुसवा सोसायचा.

सगळ्यात जास्त वेळा हातात आलेली ओळ म्हणजे ‘सौजन्य : गूगल’. जामनेरच्या एका शिक्षकांनी कापसावरच्या धड्यातल्या सगळ्या फोटोंखाली तीच ओळ लिहिली होती. मी त्यांना म्हटलं, पत्र पोस्टमननं आणून दिलं म्हणून ते पोस्टमननं लिहिलं असं होत नाही, सर. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, “पण मॅडम, पत्र तर मलाच आलं होतं ना?”

दुसरा लाडका शब्द ‘साभार’. आभार मानले की परवानगी मिळाली, अशी पुष्कळांची समजूत असते. दुसऱ्याच्या झाडाच्या कैऱ्या तोडताना ‘आभारी आहे’ म्हटलं म्हणून त्या आपल्या होत नाहीत. आता मुक्त परवान्याची सोय झाली आहे. लेखक किंवा चित्रकार स्वतःच सांगतो की माझं काम कुणीही वापरा. पण त्यालाही अटी असतात. माझं नाव द्या, परवाना कोणता ते सांगा, आणि काही बदल केला असेल तर तोही सांगा. मुक्त म्हणजे बेवारस नव्हे. ही तिसरी अट, बदल सांगण्याची, लोक हटकून विसरतात.

या कामात एक गोष्ट मला लवकर कळली. नाव हे माणसाला पैशाहून जास्त लागतं. केळीच्या धड्यात आम्ही सावद्याच्या एका मळ्यातला फोटो छापला होता. मजूर घड वाहून ट्रकमध्ये भरत आहेत असा. खाली फोटोग्राफरचं नाव होतं. पुस्तिका निघाल्यावर त्या मळ्याचे मालक थेट कार्यालयात आले. सगळे त्यांना नाना म्हणत. माझ्यासमोर बसले, पुस्तिका उघडली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

“मया माहा, केयी माही, पानी मी भरलं. आन् नाव त्या फोटूवाल्याचं?”

सावद्याकडे बोलण्यात ‘ळ’चा ‘य’ होतो, मळ्याचा मया आणि केळीची केयी. मी त्यांना समजावलं, नाना, फोटो काढणं हे त्याचं काम, म्हणून श्रेय त्याचं. फोटोत जे दिसतं ते तुमचं, पण त्याला श्रेयाच्या ओळीत जागा नसते. नानांनी फोटो पुन्हा निरखला. म्हणाले, “मी त फोटूतबी नाही. समदे मजूरच हायेत.” शेवटी पुढच्या आवृत्तीत फोटोचं वर्णन लिहिताना ‘सावदा येथील अमुक यांच्या मळ्यात’ असे शब्द घातले. श्रेय नाही, पण नाव आलं. नानांनी त्या पुस्तिकेच्या प्रती लग्नपत्रिकेसारख्या घरोघर वाटल्या असं नंतर कळलं.

माझं स्वतःचं नाव कुठल्याच ओळीत येत नसे. ओळ लिहिणाऱ्याचं नाव द्यायची पद्धत नाही. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. मला हेवा वाटला तो एका अव्ययाचा.

त्या ‘आणि’चा नियम मीच केलेला. एकाच पानावर दोघांची नावं असली की कुणी ‘व’ लिही, कुणी ‘आणि’, कुणी नुसता स्वल्पविराम. मी ठरवून टाकलं, ज्याचं त्यानं वेगळं काम केलं असेल तर स्वल्पविराम. दोघांनी मिळून एकच काम केलं असेल आणि कुणाचं कुठलं हे उसवून दाखवता येत नसेल, तरच ‘आणि’. यात हक्काचाही प्रश्न असतो. एकत्र केलेल्या कामाला दोघांचीही संमती लागते, एकट्यानं देऊन चालत नाही. एकजण वारला तर त्याच्या वारसाची. वरिष्ठांनी नियम मान्य केला आणि टेबलावरच्या काचेखाली तो कागद राहिला.

माझे यजमान श्रीधर. चारचौघांत मी त्यांना ‘हे’च म्हणायचे, लिहिताना नाव घेते, कारण माझ्या धंद्यात नावाशिवाय ओळ पुरी होत नाही. ते धुळ्याच्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवत. त्यांची बदली जळगावला होईना आणि मला धुळ्यात असं काम मिळेना. म्हणून नोकरीभर आमचा संसार एसटीवर चालला. शनिवारी शाळा सुटली की ते पारोळ्यावरून जळगावला येत, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. आठवड्यातला रविवार माझा होता. बाकीचे दिवस धुळ्याचे.

त्याच काळात आमच्या संस्थेनं चित्रशब्दांची कार्डं काढायचं ठरवलं. साक्री-शिरपूरकडची लहान मुलं पहिलीत येतात तेव्हा घरची खान्देशी बोलत येतात. घरी ‘शे’ आणि पुस्तकात ‘आहे’, या फरकात मूल गप्प होतं. म्हणून एका बाजूला चित्र, त्याखाली घरचा शब्द आणि शाळेचा शब्द. नाव ठेवलं ‘आमना शब्द’, म्हणजे आमचे शब्द. चित्रांचं काम धुळ्यात श्रीधरकडे गेलं आणि त्यांनी मदतीला नसीमला घेतलं.

नसीम धुळ्यातल्याच एका प्राथमिक शाळेत शिकवायची. तिचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवत. रंग कालवायला ती त्यांच्याकडेच शिकलेली. खान्देशी आमच्या दोघांपेक्षा चांगली बोलायची. शाळा सुटल्यावर दोघं हायस्कुलाच्या चित्रकला वर्गात बसत आणि कार्डं करत. त्यात दोन-तीन वर्षं गेली.

गैरसमज नको. मला संशय कधी आला नाही, आणि तसं काही नव्हतंही. नसीमचे पती आमच्याकडे येत, ईदेला डबा यायचा. माझा हेवा वेगळा होता. श्रीधर मुळात कमी बोलणारे. रविवारी घरी ते बोलायचे ते तिच्या रंगांबद्दल. नसीमनं आज आभाळ जांभळं केलं आणि ते बरोबर निघालं. नसीम म्हणते, भाकरीला पिवळा लावायचाच नाही. मी भाकरी थापत ऐकायचे. ते स्वयंपाकघरात खुर्ची टाकून माझे हात रेखाटत बसायचे. मला वाटायचं, बोलणं सगळं धुळ्यातच खर्चून येतात आणि माझ्या वाट्याला उरलेली सुट्टी नाणी येतात.

कार्डं छापायला निघाली तेव्हा श्रेयाची ओळ अर्थात माझ्याच टेबलावर आली. मी मनात तयारच ठेवली होती. ‘रेखाटन : श्रीधर, रंग : नसीम’. दोघंही चित्रावर आडनाव लावत नसत. रविवारी जेवण झाल्यावर मी विचारलं, “अहो, यातलं तुमचं कुठलं आणि तिचं कुठलं, ते एकदा नीट सांगा.”

ते म्हणाले, “ते नाही सांगता यायचं.”

“रेघा तुमच्या, रंग तिचे. यात न सांगण्यासारखं काय आहे?”

मग त्यांनी बराच वेळ घेऊन सांगितलं. पुष्कळ कार्डांवर आधी रेघ नव्हतीच. नसीम ओल्या कागदावर रंगाचा डाग सोडायची आणि त्या डागात बकरी आहे की घोंगडी, हे ते नंतर रेघेनं शोधायचे. कधी ते चित्र काढायचे आणि ती अर्धी रेघ रंगाखाली बुडवून टाकायची, आणि तेच बरोबर असायचं. “उसवायला गेलीस तर दोघांचंही हाती लागणार नाही,” ते म्हणाले.

सोमवारी मी ओळ लिहिली. ‘चित्रे : श्रीधर आणि नसीम’. नियम माझा, अक्षर माझं. लिहिताना मला त्या ‘आणि’चा इतका हेवा वाटला की मी पेन खाली ठेवून पाणी प्यायले. आमच्या दाराच्या पाटीवर त्यांचं एकट्याचं नाव होतं आणि लाइटबिलावर माझं एकटीचं. दोघांनी मिळून केलेलं, उसवता न येणारं असं आमचं काय होतं, ते मला चटकन सांगता आलं नसतं. मूलबाळ झालं नाही.

छापील कार्डं धुळ्याला पोचल्यावर नसीमचा फोन आला. सरांच्या बरोबरीनं माझं नाव छापलंत, भाभी, म्हणून ती किती वेळ बोलत होती. मी म्हटलं, त्यात माझं काही नाही, नियम आहे.

निवृत्तीनंतर श्रीधर जळगावला आले. मला वाटलं, आता सगळे दिवस रविवार. तसे दिवस थोडेच मिळाले. गेल्या वर्षी त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं आणि घरी आणता आलं नाही. नसीम भेटायला आली तेव्हा दारातूनच रडत आली. मला तोवर रडू आलं नव्हतं. बायका तिलाच पाणी देत होत्या. मला त्याही रडण्याचा हेवा वाटला, हे इथं लिहिते, कारण दुसरीकडे कुठं लिहिणार?

या वर्षी धुळ्याच्या एका संस्थेतून भूषण नावाच्या कार्यकर्त्याचा फोन आला. ‘आमना शब्द’ची कार्डं त्यांना मुक्त परवान्याखाली पुन्हा काढायची होती, म्हणजे कुणालाही छापता यावीत, वाटता यावीत. आमच्या संस्थेची हरकत नव्हती, पण चित्रांचा हक्क चित्रकारांनी स्वतःकडे ठेवला होता, म्हणून श्रीधरची वारस या नात्यानं माझी सही हवी होती. भूषण म्हणाला, खेड्यातल्या शाळांकडे रंगीत प्रिंटर कुठला, झेरॉक्स मशीन मिळाली तरी खूप. म्हणून त्यांनी संगणकावर सगळ्या चित्रांतले रंग काढून नुसत्या रेघा ठेवल्या होत्या. त्याचा नमुना त्यानं व्हॉट्सॲपवर पाठवला. मग अडखळत म्हणाला, “रंगच राहिले नाहीत, तर नसीम मॅडमची सही लागणार नाही, बरोबर ना? तुम्ही यातल्या जाणकार, म्हणून विचारतो.”

मी नमुना पाहून सांगते म्हटलं.

पहिल्या पानावर खाली ओळ होती : ‘रेखाटने : श्रीधर’. पुढे काही नाही. मी ती ओळ बोटांनी मोठी करून पाहिली. इतक्या वर्षांत चित्रांखाली त्यांचं नाव असं एकटं मी प्रथमच पाहत होते. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. वाटलं, हे आपलं. ‘बरोबर आहे’ एवढे दोन शब्द भूषणला लिहिले असते तर काम झालं असतं. त्यानं माझ्या शब्दापुढे कुणालाच विचारलं नसतं.

मग मी चित्रं पाहायला लागले. बकरीला पाय आणि शिंगं होती, पोट नव्हतं. विहिरीवर दोर होता, विहीर नव्हती. ‘माय’ या कार्डावर भाकरी थापणारी बाई आहे, आपल्याकडे तिरकी पाठ करून बसलेली. तिचे हात दिसत होते, बांगड्या, भाकरी, केसांचा अंबाडा. पाठ नव्हती. मानेपासून जमिनीपर्यंत कोरा कागद. हात मी ओळखले. मी डावखुरी आहे, आणि ती बाईही डाव्या हातानं थापत होती. हात माझे होते आणि पाठ ही सगळीच्या सगळी नसीमचा रंग होती. श्रीधरनी तिथं रेघ काढलीच नव्हती. विसरले नव्हते, तिच्यासाठी जागा सोडली होती. पानामागून पान मी त्या सोडलेल्या जागाच पाहत राहिले. एखाद्या माणसावर इतका भरवसा ठेवून कागद कोरा ठेवणं, हे मी त्यांच्याकडून कधी मिळवलं नव्हतं.

मी भूषणला काही कळवलं नाही. नसीमला फोन केला आणि ये म्हटलं.

ती रविवारी दुपारच्या गाडीनं आली. तीही आता निवृत्तीला आली आहे, चष्मा लावते. मी नमुन्याच्या प्रती काढून आणल्या होत्या. तिनं ‘माय’चं कार्ड हातात घेतलं आणि हसायलाच लागली.

“अगं बाई, भाभी, हिचं तर भूत झालं.”

मी भूषणचं म्हणणं तिला सांगितलं. तिनं क्षणभरही विचार केला नाही. म्हणाली, “मग बरोबरच आहे त्यांचं. रंग नाहीत तर माझं नाव कशाला? सरांचं राहू द्या. तुम्हालाही बरं वाटेल.”

शेवटचं वाक्य तिनं अगदी सहज म्हटलं. म्हणजे तिला ठाऊक होतं. किती वर्षांपासून, ते मी विचारलं नाही. तिचं हे देऊन टाकणं मला तिच्या नावाहून जास्त टोचलं. घेतलं असतं तर आयुष्यभर तिचं देणं म्हणून घ्यावं लागलं असतं.

“तसं चालणार नाही,” मी म्हटलं.

“का? यात मी आहे तरी कुठं?”

“जिथं रेघ नाही तिथं.”

त्या कोऱ्या पाठीवरून तिनं हात फिरवला. मग हळूच म्हणाली, “सर तिथं पेन्सिल थांबवायचे. आन् म्हणायचे, आठे तू बोल.”

इथं तू बोल. घरी श्रीधर खान्देशीचा एक शब्द बोलत नसत. आवाज कसा लागत असेल त्यांचा ते म्हणताना, हे तिला माहीत होतं आणि मला कधीच कळणार नव्हतं. मी उठून चहा ठेवला.

चहा पिताना आम्ही कामाचं बोललो. अशी तुटकी चित्रं मुलांना द्यायची का, हा खरा प्रश्न होता. माझं मत, देऊ नयेत. नसीम म्हणाली, का नको? पोरांना पेन्सिल द्या, ती करतील पुरी. बकरीला पोट लागतं हे साक्रीच्या पोरांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे. सरांच्या कागदावर मी तरी दुसरं काय करत होते, ती म्हणाली. तिनं लगेच भूषणला फोन लावून सांगितलं. तो खूश झाला. रंग काढल्यामुळे त्यांना नुसती स्वस्त प्रत मिळाली होती, आता मुलांसाठी कृती मिळाली.

ओळ लिहायची राहिली. मी कागद घेतला. ‘मूळ चित्रे : श्रीधर आणि नसीम. या प्रतीत रंग काढले आहेत.’ बदल सांगितला, सह्या दोघींच्या. तेवढ्यावर ओळ पुरी होती. पण नसीम म्हणाली, चित्र पुरं करणाऱ्या पोराचं नाव नको का? मी म्हटलं, श्रेयाच्या ओळीत रिकामी जागा सोडायची पद्धत नाही. ती म्हणाली, पद्धत तुम्हीच केली ना, भाभी? मग तुम्हीच सोडा.

मी नसीमच्या नावापुढे एक रेघ मारून जागा सोडली. आता त्या जागेच्या आधी काय लिहायचं? नसीमलाही माझा नियम पाठ होता. ती वाकून पाहत होती. “स्वल्पविराम का ‘आणि’?”

मी बराच वेळ विचार केला. मुलानं एकदा पाठ काढली की ती बाई त्या तिघांची. कुणाचं कुठलं, ते उसवून दाखवता येणार नाही. नियमाप्रमाणे उत्तर एकच होतं. मी ‘आणि’ लिहिलं. ती संध्याकाळच्या गाडीनं परत गेली.

महिनाभरात धुळ्याहून छापील संच आला. साध्या कागदावर, काळ्या शाईत, प्रत्येक पानाखाली ती ओळ. पहिल्या दिवशी मी नुसता पाहून ठेवला. दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर ‘माय’चं पान वेगळं काढलं आणि पेन्सिल घेऊन बसले. चित्रकलेत मला शाळेत कधी पास होण्यापुरतेच गुण मिळत. पाठीची रेघ पहिल्यांदा फारच ताठ आली, ती खोडली. भाकरी थापताना पाठ कशी होते ते पाहायला मी उठून ओट्यापाशी उभी राहिले, पण स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही. पुन्हा काढली. अंबाड्यापासून खाली आणली आणि बसल्या जागी टेकवली. जरा वाकडी झाली, पण बाई पुरी झाली.

मग खालच्या रिकाम्या जागेत माझं नाव लिहिलं. आडनाव लावलं नाही. ओळ आता अशी आहे : श्रीधर आणि नसीम आणि शालिनी.

मध्ये नसीम आहे. तिला तिथून हलवता येत नाही. मी तपासून पाहिलं.